वाड्याच्या वस्तू आणि वाड्याचे जगणे : आधुनिक गृहसजावटीतील परंपरेच्या पुनरागमनाची चिकित्सा

गोषवारा

गेल्या दोन-अडीच दशकांत महाराष्ट्रातील शहरी घरांच्या अंतर्गत सजावटीत झोपाळा, देवळी, कडीपाट, नक्षीदार सिमेंटच्या फरश्या, तांब्या-पितळेची भांडी, वारली चित्रे अशा अनेक गोष्टी पुन्हा दिसू लागल्या आहेत. या प्रवाहाकडे सामान्यतः ‘मुळांकडे परतणे’ म्हणून कौतुकाने पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या कौतुकाची चिकित्सा केली आहे. परत येते ते नेमके काय, ते गेले कसे आणि परतताना मागे काय राहते, या तीन प्रश्नांच्या आधारे वस्तूचे, तंत्राचे व जगण्याचे पुनरागमन असा भेद येथे मांडला आहे. त्यावरून या प्रवाहाचे मूल्यमापन करण्याचे काही निकष सुचविले आहेत.

प्रस्तावना

घर ही मानवी संस्कृतीची सर्वांत जवळची आणि म्हणूनच सर्वांत कमी तपासली जाणारी निर्मिती आहे. साहित्यकृतीची समीक्षा होते, चित्राची होते, नाट्यप्रयोगाची होते. परंतु दिवाणखान्याची समीक्षा आपल्याकडे क्वचितच होते. गृहसजावट हा खाजगी आवडीचा विषय मानला जातो आणि आवडीनिवडीवर वाद घालू नये, असा संकेत आपण पाळतो. वस्तुतः एखादा समाज आपल्या भूतकाळाविषयी काय विचार करतो, हे त्याच्या इतिहासग्रंथांइतकेच त्याच्या बैठकीच्या खोलीतूनही व्यक्त होत असते.

आजच्या एखाद्या नव्या सदनिकेत प्रवेश करताच पितळी कड्यांचा झोपाळा दिसतो. भिंतीत देवळी असते व तीत समई. छताला लाकडी कड्या असतात. कोपऱ्यात जाते असते व त्यावर फुलदाणी. ही मांडणी डोळ्यांना सुखद वाटते, हे मान्य केले पाहिजे. मात्र सुखद वाटणे हा समीक्षेचा आरंभबिंदू असतो, शेवट नव्हे. म्हणून या मांडणीमागील इतिहास, तंत्र आणि सामाजिक आशय यांचा क्रमाने विचार करणे आवश्यक ठरते.

जे गेले, ते कसे गेले?

पुनरागमनाची चर्चा करताना निर्गमनाचा विचार प्रथम केला पाहिजे. पुण्याचे उदाहरण घेता येईल. येथील वाडे एका दिवसात नाहीसे झाले नाहीत. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे कोसळले, हा एक आघात होता. परंतु त्याहून खोल परिणाम कायद्याने व अर्थकारणाने घडविला. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडी गोठली आणि भाडेकरूंनी भरलेल्या वाड्याची डागडुजी मालकास परवडेनाशी झाली. सहकारी संस्थांविषयीचा 1960 चा कायदा आणि सदनिकांच्या मालकीसंबंधीचे 1963 व 1970 चे कायदे यांनी दुसऱ्या बाजूस नवा पर्याय उभा केला. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा येईपर्यंत वाड्यांच्या एका मोठ्या भागाचे भवितव्य ठरून गेले होते.

याच काळात घराच्या आतही परिवर्तन झाले. शेणाने सारवलेली जमीन व शहाबादी फरशी जाऊन मोझेक आले. पितळी भांड्यांची जागा स्टेनलेस स्टीलने घेतली. लाकडी फळीवर सनमायका चढला. पाट्या-वरवंट्याचे काम मिक्सरने आणि चुलीचे काम गॅसने आपल्याकडे घेतले. या बदलाचे वर्णन ‘परंपरेचा ऱ्हास’ असे करण्याची प्रथा आहे. परंतु ज्यांच्या अंगावर त्या परंपरेचे श्रम पडत होते, त्यांच्या दृष्टीने ती सुटका होती. चिंच-राखेने रोज पितळ घासणाऱ्या, कल्हईवाल्याची वाट पाहणाऱ्या, दर चार-आठ दिवसांनी जमीन सारवणाऱ्या स्त्रीने स्टीलचा डबा जुन्या कपड्यांच्या बदल्यात बोहारणीकडून घेतला, तेव्हा तिने परंपरेचा अव्हेर केला नव्हता. तिने आपल्या दिवसातला काही वेळ परत मिळविला होता. जुन्या वस्तूंच्या निर्गमनात स्त्रियांची ही संमती होती, हे आजच्या स्मरणरंजनात सोयीस्करपणे विसरले जाते.

वस्तू, तंत्र आणि त्यांचे नाते

पारंपरिक घरातील बहुतेक आकार गरजेतून जन्मलेले होते. देवळीचे उदाहरण बोलके आहे. दगड-मातीची किंवा पांढऱ्या मातीची भिंत दोन हात जाड असे. भार पेलण्यासाठी ती जाडी आवश्यक होती. त्या जाडीत कोनाडा किंवा देवळी कोरली की खोलीची एक इंचही जागा न घेता दिवा, तांब्या वा पोथी ठेवण्याची सोय होई. म्हणजे देवळी ही जाड भिंतीने दिलेली देणगी होती. आजच्या सदनिकेतील विटांची भिंत चार किंवा सहा इंचांची असते. तीत देवळी कोरता येत नाही. म्हणून मूळ भिंतीपुढे प्लायवूडची दुसरी, पोकळ भिंत उभी केली जाते व तीत देवळी ‘बसविली’ जाते. जी रचना जागा देत होती, तीच आता जागा घेते. आकार तोच राहिला, परंतु त्याचा अर्थ पूर्णतः उलटला.

कडीपाटाचेही असेच झाले आहे. तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीचा वा चुन्याचा थर ही वरच्या मजल्याची प्रत्यक्ष रचना होती. दोन तुळयांमधील अंतरावरून ‘खण’ हे घराचे माप ठरे आणि घराची ऐपत खणांत मोजली जाई. आज काँक्रीटच्या स्लॅबखाली, आधीच बेताच्या असलेल्या उंचीत, पोकळ लाकडी पेट्या ‘कड्या’ म्हणून चिकटविल्या जातात. त्या काहीच पेलत नाहीत. उलट स्लॅबनेच त्यांना पेललेले असते.

पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम हे तिसरे उदाहरण होय. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन उठविलेले ते चकचकीत खळगे केवळ शोभेचे नसतात. ठोक्यांनी धातू घट्ट व कणखर होतो आणि पातळ पत्र्याचे भांडेही टिकाऊ बनते. बंब, घंगाळ, हंडा यांना हे काम आवश्यक होते. आज घंगाळात कुंडी असते आणि मठारलेले तांबे दिव्याच्या झाकणासाठी वापरले जाते. तांबटांच्या हातांना यामुळे काम मिळते, ही निःसंशय चांगली बाब आहे. परंतु त्याच बाजारात यंत्राच्या दाबाने उठविलेले खळगेही विकले जातात. ते ठोक्याची आठवण करून देतात, पण ठोक्याचे बळ त्यांत नसते. ग्राहकाला हा फरक कळत नसेल, तर परत आलेली परंपरा ही केवळ पृष्ठभागाची परंपरा ठरते.

परंपरेचे वय

‘पारंपरिक’ म्हणून परत येणाऱ्या वस्तू खरोखर किती जुन्या आहेत, हाही प्रश्न विचारावयास हवा. कोकणातील कौलारू घर हे आपल्या मनात सनातन कोकणाचे प्रतीक होऊन बसले आहे. परंतु तेथे दिसणारे चपटे मंगलोरी कौल बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात सुरू केलेल्या कारखान्यातून पुढे सर्वत्र पसरले. त्यापूर्वी तेथे गवताची शाकारणी आणि कुंभाराने घडविलेली नळीची कौले होती. म्हणजे आपण ज्याला आदिम समजतो, ते औद्योगिक युगाचे अपत्य आहे.

नक्षीदार सिमेंटच्या फरश्यांची कथा याहून उद्बोधक आहे. परदेशी फरश्यांची आयात होत असताना, स्वदेशीच्या प्रेरणेतून 1922 साली ‘भारत फ्लोअरिंग्ज’ या कंपनीची मुंबईत स्थापना झाली. त्या काळी ही फरशी परंपरेची नव्हे, तर आधुनिकतेची व स्वावलंबनाची खूण होती. आज तिच धाटणीची फरशी ‘आजोळच्या घराची आठवण’ म्हणून विकत घेतली जाते.

एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर यांनी 1983 मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात परंपरांच्या निर्मितीचा जो सिद्धांत मांडला, तो येथे उपयुक्त ठरतो. प्राचीन म्हणून मिरविणाऱ्या अनेक प्रथा अलीकडच्या काळात, विशिष्ट गरजेपोटी घडविलेल्या असतात, असे त्या ग्रंथाचे सूत्र आहे. मात्र हे सूत्र वापरताना सावधगिरी हवी. कौल 1865 नंतरचे आहे म्हणून ते खोटे ठरत नाही. कोकणातील माणसाने ते आपल्या पावसाशी, उताराशी, सुताराशी जुळवून घेतले आणि आपलेसे केले. या दृष्टीने कौल जुने असो वा नवे, ते आपले झाले ते उपयोगातून. आजचे पुनरागमन उपयोगातून होते की दर्शनातून, हा खरा प्रश्न आहे.

वाड्यातील माणसे

घराच्या आकारात त्या काळच्या समाजाची रचना गोठलेली असते. ओसरी, सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, परसदार हा क्रम हवा-उजेडाच्या सोयीचा होता, तसाच तो मज्जावाचाही होता. कोणी कोठवर यावे, हे त्या क्रमाने ठरत असे. पुरुषांची बैठक पुढे, स्त्रियांचा वावर मागे. सोवळ्यातील स्वयंपाक आणखी आत. बाळंतिणीची अंधारी खोली त्याहून आत. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांच्या वडिलांच्या कर्मठ सोवळ्याचे जे वर्णन येते, ते वाचल्यानंतर ‘माजघराचा निवांतपणा’ ही आजची जाहिरातीतील कल्पना टिकत नाही.

या रचनेची दुसरी बाजू परसदारी उभ्या असलेल्या माणसाला दिसत होती. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये सरपणाच्या मोळ्या विकावयास येणाऱ्या महार स्त्रिया उच्चवर्णीयांच्या दारी कशा उभ्या राहत आणि त्यांना कशा सूचना ऐकाव्या लागत, याचे चित्रण आहे. एकच परसदार एका समाजगटाच्या स्मृतीत तुळशीचा सुवास घेऊन येते आणि दुसऱ्याच्या स्मृतीत अपमान घेऊन येते. सजावटकार जेव्हा ‘आपल्या जुन्या घराची ऊब’ असा शब्दप्रयोग करतो, तेव्हा त्यातील ‘आपल्या’ या शब्दाची व्याप्ती तपासावीच लागते. ज्यांच्या पूर्वजांना वाड्याच्या उंबऱ्याच्या आत येण्यास मज्जाव होता, त्यांचा नातू आज त्याच उंबऱ्याची प्रतिकृती आपल्या सदनिकेला बसवून घेतो, तेव्हा ती कृती स्मरणाची असते की एका बंद दारावर मिळविलेल्या हक्काची, याचे उत्तर एकपदरी असू शकत नाही.

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (1985) या नाटकाने हा प्रश्न फार पूर्वी आणि फार सखोलपणे हाताळला. विदर्भातील देशपांड्यांचा तो वाडा भव्य आहे. पण अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे, वडिलांच्या दिवसकार्याच्या खर्चावरून भावाभावांत ताण आहे आणि शिकण्याची आस असलेली प्रभा घरातच कोमेजते आहे. एलकुंचवार वाड्यावर प्रेम करतात, परंतु त्याला निर्दोष ठरवीत नाहीत. वास्तूविषयीची ओढ आणि वास्तूचा निवाडा या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदू शकतात, याचा हा वस्तुपाठ आहे. गृहसजावटीच्या प्रवाहात पहिली गोष्ट विपुल आहे. दुसरीचा मात्र मागमूस नाही.

कोपऱ्यात ठेवलेले जाते या संदर्भात विशेष विचारार्ह आहे. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसलेल्या स्त्रियांनी आपले सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, सीता यांविषयी ओव्या रचल्या. हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावी अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. जात्याचा खरा वारसा दगडात आहे की या ओव्यांत? दिवाणखान्यातील जात्याला खुंटा असतो, पाळू असते, कधी वार्निशही असते. परंतु ते मुके असते. त्या घरातील एकाही व्यक्तीला एकही ओवी येत नसेल, तर तेथे जाते परतले आहे, असे म्हणता येणार नाही.

अभिरुची आणि किंमत

जे एके काळी स्वस्त व सर्वसामान्य होते, ते परतताना महाग होऊन परतते, ही या प्रवाहाची आणखी एक विशेषता आहे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने 1899 मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्रीमंत विरामवर्गाविषयीच्या ग्रंथात हाताने घडविलेल्या चांदीच्या चमच्याचे आणि यंत्राने बनविलेल्या साध्या चमच्याचे उदाहरण दिले आहे. दोन्ही चमचे काम सारखेच करतात. तरीही हस्तनिर्मित वस्तूच्या किरकोळ उणिवांना प्रतिष्ठा लाभते, कारण त्या उणिवा खर्चाची साक्ष देतात. व्हेब्लेनने याच विवेचनात रस्किन व विल्यम मॉरिस यांचा उल्लेख केला आहे, हे लक्षणीय होय. मॉरिस हा समाजवादी होता. श्रमिकाला आपल्या कामात आनंद मिळावा, ही त्याची तळमळ होती. परंतु त्याच्या संस्थेने घडविलेले सुंदर सामान प्रामुख्याने धनिकांच्याच घरी गेले. हस्तकलेच्या पुनरुज्जीवनातील हा अंतर्विरोध दीड शतकानंतरही सुटलेला नाही.

आपल्याकडे वारली चित्रकला हे याचे ठळक उदाहरण आहे. लग्नाच्या वेळी सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने झोपडीच्या भिंतीवर काढावयाचा देवचौक, त्यातील पालघट देवी, हा एका विधीचा भाग होता. 1970 च्या दशकात ही कला कागदावर आली आणि जिव्या सोमा मशे यांच्या प्रतिभेने तिला जागतिक कीर्ती मिळाली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. विधीतून कलेकडे झालेला हा प्रवास निर्मितिशील होता, कारण तो वारली कलावंतांनी स्वतः केला. मात्र शहरातील सदनिकेच्या भिंतीवर साच्याने उठविलेली वारली आकृत्यांची पट्टी या प्रवासाचा पुढचा टप्पा नाही. 2014 मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, तरी साच्याला निर्देशांक अडवू शकत नाही. तो अडविणे ग्राहकाच्या विवेकावर अवलंबून राहते.

आणखी एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. पाडलेल्या वाड्यांचे खांब, दरवाजे, महिरपी जुन्या बाजारांतून नव्या घरांत पोहोचतात. उत्तम सागवान वाया जाण्यापेक्षा त्याचा पुनर्वापर होणे केव्हाही श्रेयस्कर. परंतु सुट्या भागांना मिळणारी वाढती किंमत उभ्या वास्तूच्या मुळावर येऊ शकते. वाडा जपण्यापेक्षा वाडा सोलणे अधिक लाभदायक ठरू लागले, तर ज्या परंपरेच्या प्रेमापोटी आपण तो दरवाजा विकत घेतो, तिचाच अंत आपण जवळ आणतो.

स्मरणरंजनाचे दोन प्रकार

एवढ्या विवेचनावरून हा प्रवाह सर्वस्वी त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. स्वेत्लाना बॉइम यांनी 2001 मधील आपल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक हरवलेले घर जसेच्या तसे उभारू पाहते. दुसरे हरवल्याची जाणीव जागी ठेवून त्या अंतराविषयी चिंतन करते. पहिल्यात भूतकाळाविषयी शंका नसते. दुसऱ्यात ओढ आणि चिकित्सा सोबत असतात.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय दुसऱ्या प्रकाराच्या जवळ जाते. तेथील दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे ही घरगुती वापराचीच साधने आहेत. केळकरांनी आपल्या अकाली निवर्तलेल्या मुलाच्या स्मरणार्थ तो संग्रह उभारला आणि 1975 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथे वस्तू आपल्या काळासह, आपल्या कामासह उभी असते. ती कोणाच्या ऐपतीची जाहिरात करीत नाही.

तंत्राच्या पुनरागमनाचे उदाहरण म्हणून लॉरी बेकर (1917–2007) यांच्या कामाकडे पाहता येईल. केरळात त्यांनी विटांच्या जाळ्या, स्थानिक साहित्य आणि गवंड्यांचे पारंपरिक ज्ञान यांचा उपयोग घर स्वस्त व थंड करण्यासाठी केला. त्यांच्या जाळीतून वारा येतो. वातानुकूलित खोलीतील दोन बंद भिंतींमधल्या जाळीतून वारा येत नाही. दोन्ही जाळ्या छायाचित्रात सारख्याच दिसतात आणि छायाचित्राच्या आधारे गृहसजावट करण्याचा धोका नेमका येथेच आहे.

झोपाळ्याचा विचार मात्र वेगळ्या रीतीने करावा लागेल. सदनिकेच्या मर्यादित जागेतही झोपाळा आपले जुने काम करतो. त्यावर मूल निजते, आजी जप करते, पाहुणा पान लावतो. टांगण्याची तुळई गेली, कडी आता स्लॅबमध्ये रोवलेली आहे. पण वापर टिकून आहे. जे जगण्यात उपयोगी पडते, ते वस्तू म्हणून नव्हे तर सवय म्हणून परतते.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

1. गृहसजावटीतील परंपरेचे पुनरागमन तीन पातळ्यांवर घडते : वस्तूचे, तंत्राचे व जगण्याचे. आजच्या प्रवाहात पहिल्याचे प्राबल्य आहे. तिसरे विरळा आहे.

2. ‘पारंपरिक’ म्हणून स्वीकारलेल्या अनेक वस्तू एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील औद्योगिक निर्मिती आहेत. त्यांची प्रतिष्ठा वयावर नव्हे, तर उपयुक्ततेवर ठरविली जावी.

3. जुन्या घराची स्मृती सर्व समाजगटांची सारखी नाही. स्त्रियांचे श्रम व जातीची बंधने वगळून केलेले वाड्याचे स्मरण अपुरे असते.

4. कारागिराचे ज्ञान, त्याचा मोबदला व त्याचे नाव यांना स्थान देणारी खरेदी आणि केवळ त्याच्या कलेचा ठसा विकत घेणारी खरेदी यांत भेद केला पाहिजे.

5. उभ्या वास्तूचे जतन हे तिच्या सुट्या भागांच्या संग्रहापेक्षा श्रेष्ठ मानले जावे.

एक प्रश्न मात्र निष्कर्षांच्या यादीत न मावणारा आहे. दिवाणखान्यातील पितळी समई आणि घंगाळ आजही कोणीतरी घासते. बहुतेक घरांत ती घरमालकीण नसते. दुसऱ्या वस्तीतून सकाळी येणारी आणि अनेक इमारतींत वेगळ्या उद्वाहकाने वर चढणारी स्त्री असते. स्टीलच्या डब्याने एका वर्गातील स्त्रीचा जो वेळ वाचविला, तो पितळेच्या पुनरागमनाने दुसऱ्या वर्गातील स्त्रीच्या वेळातून वसूल केला जात आहे. वाड्याचे खांब गेले, चौक गेला, परसदार गेले. परंतु परसदाराची व्यवस्था अद्याप शाबूत आहे. आपल्या घरांत नेमके काय परत आले आहे, याचा विचार या चकचकीत पितळेपासून सुरू करावा लागेल.